पोलीस गाडीत चुकीचं इंधन पडलं: आधी काय करायचं, आणि हे परत परत का होतं

ज्यांची गाडी आत्ता पंपावर उभी आहे आणि डिझेलच्या टाकीत पेट्रोल गेलंय, त्यांनी आधी एवढंच वाचा, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. चावी फिरवू नका. स्टार्टर तर नाहीच, नुसतं इग्निशन ऑन करून काटा किती वर आला तेही बघू नका, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये इग्निशन ऑन झालं की टाकीतला इलेक्ट्रिक पंप चालू होतो आणि टाकीतला माल लाइनमध्ये जायला लागतो. गाडी न्यूट्रल करा, दोघा-तिघांना बोलवून धक्का मारत पंपाच्या कडेला घ्या, हँडब्रेक लावा, चाकाखाली दगड लावा. मग कंट्रोल रूमला आणि एमटीला (मोटर ट्रान्सपोर्ट, म्हणजे पोलीस गाड्या सांभाळणारा विभाग) फोन करा. साहेबांना उशीर होईल, एस्कॉर्ट दुसऱ्या गाडीने करावी लागेल, बोलणी बसतील, ते सगळं मान्य, पण तुमची गाडी अजून वाचलेली आहे आणि ती वाचवणं पूर्ण तुमच्या हातात आहे.

मी जिल्हा पोलीस दलाच्या एमटी सेक्शनला फिटर आहे, बरीच वर्षं झाली. सुमोपासून हात काळे केलेत, जिप्सी केल्या, आता बोलेरो, स्कॉर्पिओ, अर्टिगा, बंदोबस्ताच्या मोठ्या गाड्या सगळंच येतं. चुकीच्या इंधनाच्या केसेस माझ्या हाताखालून बऱ्याच गेल्या आणि दर वेळी तेच. चौकशी होते, चालकाचा जबाब होतो, 'यापुढे दक्षता घ्यावी' म्हणून पत्र निघतं, ते सगळ्या पोलीस स्टेशनला जातं, फाइलला लागतं, आणि काही महिन्यांनी परत एक गाडी टोचन करून गेटमधून आत येते. दक्षता घ्या म्हणून सांगून हा प्रॉब्लेम सुटत नाही हे मला कधीच कळून चुकलंय, म्हणून जे बघितलंय ते नीट लिहितोय.

एक केस सांगतो. नाईट राऊंडची बोलेरो, रात्री दोनच्या सुमारास पंपावर गेली. नेहमीचा चालक रजेवर होता आणि जो होता तो आठवडाभर अर्टिगा चालवून आलेला. पंपावर एकाच मशीनला पेट्रोल-डिझेल दोन्ही नोझल, मुलगा झोपेत, यांनी खाली न उतरता काच खाली करून "दहा लिटर टाक" म्हटलं, काय टाक ते दोघांपैकी कोणीच बोललं नाही. पेट्रोल पडलं. गाडी तिथून व्यवस्थित निघाली, तीन-चार किलोमीटर गेली, मग पिकअप गेला, इंजिन खडखड करायला लागलं, चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी बंद. चालकाला वाटलं एअर पकडली असेल, त्याने सात-आठ वेळा सेल्फ मारला, मग पब्लिककडून धक्का मारून घेतला, थोडी चालली, परत बंद. सकाळी आमच्याकडे आली तेव्हा फिल्टर उघडला, तळाशी चांदीसारखी चमक होती. ती चमक म्हणजे हाय प्रेशर पंपाचा किस, घासून सुटलेली धातूची भुकटी. तिथून पुढे पंप, रेल (पंपातून आलेलं इंधन इंजेक्टरना वाटणारी नळी), चारही... चुकलो, त्या बोलेरोला तीन सिलेंडर, म्हणजे तीनही इंजेक्टर, पाइप, टाकी साफ, सगळंच. गाडी दीड महिना उभी राहिली. त्या पोलीस स्टेशनला दोनच मोठ्या गाड्या आहेत. दीड महिना त्या हद्दीतल्या लोकांसाठी रात्री एकच गाडी फिरत होती, हे नुकसान कुठल्याच बिलात लिहिलेलं नसतं पण मला तेच सगळ्यात मोठं वाटतं.

आता ती गाडी तीन-चार किलोमीटर चालली कशी, हे समजून घ्या कारण इथेच सगळे फसतात. फिल्टरमध्ये आणि लाइनमध्ये आधीचं चांगलं डिझेल भरलेलं असतं, इंजिन आधी ते वापरतं. त्यामुळे पंपावरून निघताना काहीच कळत नाही. बिघाड नंतर, रस्त्यात होतो आणि तेव्हा पंपाची आठवण कोणाला येत नाही, सगळे फिल्टर चोक, एअर, सेन्सर असलं काहीतरी शोधत बसतात. म्हणून माझा साधा नियम आहे, डिझेल गाडी पंपावरून निघून अर्ध्या तासात पिकअप सोडून बंद पडली तर सगळ्यात आधी पावती काढून बघायची. पावतीवर काय छापलंय ते बघायच्या आधी सेल्फ मारायचा नाही.

पेट्रोलने डिझेल इंजिनचं एवढं वाटोळं का होतं? डिझेल नुसतं जळत नाही, ते वंगणाचंही काम करतं. कॉमन रेल गाडीतला हाय प्रेशर पंप साधारण १६०० बार किंवा त्याच्या वरचं प्रेशर तयार करतो, गाडीच्या टायरमध्ये जेमतेम दोन-सव्वादोन बार हवा असते यावरून अंदाज करा. एवढ्या प्रेशरला धातूवर धातू घासत असतो आणि मध्ये असतो फक्त डिझेलचा पातळ थर. त्या जागी पेट्रोल आलं की वंगण संपलं, कारण पेट्रोल उलट चिकटपणा धुऊन काढतं. पंप कोरडा घासतो, बारीक किस सुटतो, तो रेलमध्ये, रेलमधून इंजेक्टरमध्ये, आणि इंजेक्टरची भोकं केसाएवढी बारीक असतात. त्यात भर म्हणजे डिझेल गाडीला रिटर्न लाइन असते, जास्तीचं इंधन परत टाकीत जातं, म्हणजे किसही परत टाकीत जातो. शिवाय जळण्याचाही प्रश्न आहेच, डिझेल दाबाने पेटतं आणि पेट्रोल दाबाने पेटू नये म्हणूनच बनवलेलं असतं, त्यामुळे वेळेवर पेट घेत नाही, इंजिन ठोकतं, धूर मारतं.

जुने लोक सांगतात की पूर्वी आम्ही थंडीत डिझेलमध्ये थोडं पेट्रोल नाहीतर रॉकेल टाकायचो, काय नाही व्हायचं. ते त्यांच्या इंजिनपुरतं खरं होतं, जुना मेकॅनिकल पंप कमी प्रेशरचा, तो बरंच सहन करायचा. पण त्याच अनुभवावर आजच्या बीएस-६ गाडीला "दोन-चार लिटर पडलं तर वरून डिझेल फुल करा आणि चालवा" असा सल्ला कोणी देत असेल तर कृपा करून ऐकू नका. मी हा सल्ला एकदा ऐकला होता, स्वतः, एका सिनियरच्या सांगण्यावरून, आणि त्या गाडीचा पंप पुढे पंधरा दिवसांत गेला. तेव्हापासून माझ्याकडे किती लिटर पडलं हा प्रश्नच नाही, पडलं म्हणजे टाकी रिकामी करायची.

पडलंय की नाही याची शंका असेल तर ओळखायचं कसं. वासाने अनुभवी माणसाला कळतं पण नेहमी नाही. सोपी टेस्ट म्हणजे फिल्टर पेपर, तो प्रत्येक पंपावर ग्राहकाला मागता येतो. पेट्रोलचा थेंब टाकला तर तो उडून जातो आणि डाग राहात नाही, डिझेलचा तेलकट डाग राहतो. टाकीतून काढलेल्या डिझेलचा थेंब टाकला आणि शेजारी शुद्ध डिझेलचा टाकला की फरक दिसतो, मात्र मिश्रणात पेट्रोल कमी असेल तर डाग राहणारच, त्यामुळे डाग राहिला म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. काहीजण डेन्सिटी मोजायला सांगतात, पंपावर हायड्रोमीटर असतोच. पण हिशोब करून बघा, डिझेल साधारण ८३० किलो प्रति घनमीटर धरा आणि पेट्रोल ७४०, साठ लिटरच्या टाकीत पन्नास डिझेल आणि दहा पेट्रोल असेल तर मिश्रण येतं ८१५. फरक एवढाच, आणि तापमानाप्रमाणे रीडिंग बदलतं ते वेगळं, म्हणजे थोड्या मिसळीला डेन्सिटी फसवते. सगळ्यात खात्रीचा पुरावा पावती आणि मशीनवरची एंट्री. आणि हो, पेट्रोल हलकं म्हणून वर तरंगेल आणि खालचं डिझेल तेवढं चांगलं असेल असंही नसतं, दोन्ही पूर्ण मिसळतात. तळाला जमतं ते पाणी. पावसाळ्यात एकाच पंपावरून भरलेल्या दोन-तीन गाड्या एकदम बंद पडल्या तर चुकीच्या इंधनापेक्षा पाण्याचा संशय आधी घ्या, तो वेगळा विषय आहे.

टाकी रिकामी करताना सांभाळून, ही जागा खरोखर धोक्याची आहे. डिझेलची सवय असलेला माणूस बिनधास्त असतो कारण डिझेल काडी लावली तरी पटकन पेटत नाही. पण पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली चाळीसच्या आसपास तापमान असलं तरी पेट घेऊ शकते, आणि डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळलं तरी ते मिश्रण आगीच्या दृष्टीने पेट्रोलच समजायचं. कायद्यातसुद्धा दोघांचे वर्ग वेगळे आहेत, पेट्रोल अ वर्गात आणि डिझेल ब वर्गात. तर हे काम उघड्यावर, वेल्डिंग ग्राइंडिंगपासून लांब, बॅटरीची निगेटिव्ह काढून, आग विझवायचा सिलेंडर हाताशी ठेवून करायचं. नळी तोंडाने ओढायची नाही, मी तरुणपणी ओढलीय आणि पेट्रोल छातीत गेल्यावर काय होतं ते भोगलंय, एकजण तर आमच्याकडचा चार दिवस ॲडमिट होता. हातपंप दीड-दोन हजाराच्या आत मिळतो, प्रत्येक एमटीला एक हवाच. टाकीला ड्रेन नट असेल तर तो खोला, नसेल तर पंपाने जेवढं निघेल तेवढं काढून टाकी उतरवा, कारण तळाला तीन-चार लिटर राहतंच.

गाडी चालू केलेलीच नसेल तर पुढचं काम अर्ध्या दिवसाचं. टाकी रिकामी, पाच-सात लिटर चांगलं डिझेल टाकून हलवून तेही काढून टाकायचं, डिझेल फिल्टर नवीन, लाइन मोकळी करून हाताने प्रायमिंग (हवा काढून लाइन डिझेलने भरणे), मग चांगलं डिझेल भरून चालू. फिल्टर मी पुन्हा एकदा थोड्या दिवसांनी काढून कापून बघतो, काही नाही ना याची खात्री होते.

गाडी चालवली असेल तर आधी फिल्टर कापायचा. जुना फिल्टर फेकून नवीन बसवण्याची घाई करू नका, तोच तुमचा रिपोर्ट आहे. पांढऱ्या फडक्यावर आतलं इंधन ओता आणि उन्हात धरा. चमक नसेल तर नशीब चांगलं, वरचीच पद्धत करा आणि गाडी थोडे दिवस नजरेखाली ठेवा. चमक असेल तर मात्र एक गोष्ट मी हात जोडून सांगतो, नुसता पंप बदलू नका. इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. बिल कमी दाखवायचं म्हणून पंप बदलला जातो, टाकी आणि रेल तशीच राहते, किस तिथेच असतो, तो नवीन पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातो आणि दोन महिन्यात गाडी परत येते, तेव्हा सगळे म्हणतात की स्पेअर पार्ट डुप्लिकेट निघाला. टाकी, पाइप, फिल्टर हाउसिंग, पंप, रेल, इंजेक्टर, रिटर्न लाइन, हे सगळं एकत्र तपासायचं, जे साफ होत नाही ते बदलायचं, आणि मंजुरीच्या कागदात पहिल्यांदाच तसं कारणासकट लिहायचं. दोनदा मंजुरी घेण्यापेक्षा एकदा मोठी घेतलेली सरकारलाही स्वस्त पडते.

उलटी केस, म्हणजे पेट्रोल गाडीत डिझेल, त्यामानाने कमी दुखणारी. गाडी मिस मारते, पांढरा धूर सोडते, बंद पडते, परत चालू होत नाही. टाकी रिकामी, प्लग काढून साफ नाहीतर नवीन, लाइन आणि इंजेक्टर धुणे, आणि इंजिन ऑइल बघायचं, पातळ झालं असेल किंवा लेव्हल वर आली असेल तर बदलायचं कारण न जळलेलं डिझेल खाली उतरतं. बरेच दिवस तशीच ओढली तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. यात एक फसवी गाडी म्हणजे सीएनजी वाली. बहुतेक वेळा ती सुरू होते पेट्रोलवर आणि जरा गरम झाली की सीएनजीवर जाते, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीत डिझेल गेलं तरी दिवसभर गाडी चांगली चालते, फक्त सकाळी स्टार्टिंगला त्रास देते आणि धूर करते. आमच्याकडे अशा एका गाडीची बॅटरी बदलली, स्टार्टर खोलला, मग कुणीतरी टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

आणि तिसरी चूक, जी पुढे वाढणार आहे असं मला वाटतं. बीएस-६ आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, काही डिझेल गाड्यांना डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, धूर साफ करायचं द्रव) लागतं, आपल्याकडे सगळे त्याला ॲडब्लू किंवा नुसतं युरिया म्हणतात. पाण्यात ३२.५ टक्के युरिया, त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. हे चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर पेट्रोलपेक्षा वाईट, कारण त्याचे खडे होतात आणि धातू गंजतो, तिथे तर चावीला हातसुद्धा लावू नका. डिझेल त्या निळ्या टाकीत गेलं तरी तेच, चालू न करता आणा. नवीन गाडी ज्या चालकाकडे जाते त्याला ती टाकी प्रत्यक्ष दाखवूनच चावी द्यायला पाहिजे.

आता हे परत परत का होतं ते. लोक म्हणतात चालकाचं लक्ष नव्हतं. नसेल, पण दिवसाचे चौदा-पंधरा तास बंदोबस्त करून, गणपतीत नाहीतर वारीत, रात्री पंपावर आलेल्या माणसाचं लक्ष नसणं ही बातमी नाही, ते धरूनच व्यवस्था करायला पाहिजे. खरी कारणं मला वेगळी दिसतात.

पहिलं म्हणजे गाडीकडे बघून इंधन ओळखायचे दिवस गेले. पूर्वी पोलिसांकडे जिप्सी म्हणजे पेट्रोल आणि बाकी सगळं डिझेल, लहान पोराला पण माहीत होतं. आता बघा, मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, पण त्याआधीची अर्टिगा डिझेलमध्येही यायची, आणि २०१८ च्या शेवटी आलेल्या मॉडेलचा बाहेरचा आकार दोन्हीला तोच. म्हणजे एकाच मुख्यालयात शेजारी उभ्या दोन पांढऱ्या अर्टिगा, एक पेट्रोल एक डिझेल असू शकतात. इनोव्हा म्हटलं की पंपावरचा मुलगा डोळे झाकून डिझेलचं नोझल उचलतो, पण हायक्रॉस पेट्रोलवर आहे. स्कॉर्पिओ एन दोन्हीत आहे, थार दोन्हीत आहे. नावावरून, आकारावरून, सायरनवरून काहीच कळत नाही.

दुसरं, नोझल. पेट्रोलचं नोझल बारीक असतं, साधारण २१ मिलिमीटर, आणि डिझेलचं जाड, २४-२५ च्या आसपास. त्यामुळे पेट्रोल गाडीच्या अरुंद तोंडात डिझेलचं जाड नोझल सहसा जात नाही पण डिझेल गाडीच्या मोठ्या तोंडात पेट्रोलचं बारीक नोझल आरामात जातं. म्हणजे जी चूक महाग ती सोपी आणि जी चूक स्वस्त ती अवघड. रंगावर तर अजिबात जाऊ नका, ब्रिटनमध्ये हिरवं हँडल म्हणजे पेट्रोल आणि काळं म्हणजे डिझेल, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हिरवं म्हणजे डिझेल, आपल्याकडेही कंपनीप्रमाणे बदलतं. ब्रिटनच्या पोलीस दलांनाही हाच त्रास आहे बरं का, तिथल्या माहिती अधिकारात लोकांनी विचारलं आणि दलांना आकडे द्यावे लागले, तिथे तर चालक स्वतः नोझल हातात धरून भरतो, तरी चूक होते. म्हणजे पंपावरच्या मुलाला शिव्या देऊनही उत्तर मिळत नाही.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे, कागदावरची भाषा. आपल्या इंधनाच्या स्लिपवर, रजिस्टरवर, पीओएलच्या (पेट्रोल, ऑइल, लुब्रिकंट) हिशोबात आपण पेट्रोलला एमएस लिहितो आणि डिझेलला एचएसडी. जुन्या माणसाला ते पाठ असतं. नवीन भरती झालेल्या पोराला एमएस म्हणजे मोटर स्पिरिट आणि एचएसडी म्हणजे हाय स्पीड डिझेल हे कोणी कधी सांगितलंय? त्यात पंपावर 'स्पीड' नावाने मिळतं ते पेट्रोल आणि स्लिपवर हाय स्पीड आहे ते डिझेल. 'पॉवर' पेट्रोल, 'टर्बोजेट' डिझेल. रात्री दोन वाजता, घाईत, ही नावं एकमेकांत मिसळणारच. एका चालकाने मला शपथेवर सांगितलं की त्याने "स्पीड वालं टाक" म्हटलं होतं कारण स्लिपवर स्पीडचा एस होता असं त्याला वाटलं. त्याला मूर्ख म्हणणारे बरेच होते. मला तो मूर्ख वाटला नाही, स्लिप चुकीची वाटली.

आणि चौथं कारण, ज्यावर मी साहेबांसमोर पण बोललोय आणि परत बोलेन. चूक कळल्यावरही गाडी चालू का केली जाते? भीतीने. चालकाला माहीत असतं की सांगितलं तर जबाब, डिफॉल्ट (कसुरीची नोंद), पगारातून वसुली. नाही सांगितलं आणि गाडी चालली तर कोणाला कळणार नाही. म्हणून तो वरून डिझेल टाकतो, देवाचं नाव घेतो आणि चावी फिरवतो. पंपावर जे नुकसान एक टाकीभर इंधन आणि एका फिल्टरचं असतं ते या भीतीमुळे लाखाच्या घरात जातं. मी वसुली माफ करा असं सरसकट म्हणत नाही. पण ज्याने चावी न फिरवता पंपावरूनच फोन केला आणि ज्याने लपवून गाडी चालवली, या दोघांना एकच माप लावलं तर पुढचा माणूस फोन कशाला करेल?

आमच्याकडे आता काय करतोय ते सांगतो, सगळं काही ग्रेट नाही पण फरक पडलाय. प्रत्येक गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आत आणि बाहेर मराठीत मोठ्या अक्षरात 'फक्त डिझेल' किंवा 'फक्त पेट्रोल', साध्या रेडियमच्या पट्टीवर. बाहेरचं स्टिकर धुताना निघतं म्हणून आतलंही पाहिजे. चावीला पत्र्याचा बिल्ला, डिझेलला चौकोनी आणि पेट्रोलला गोल, कारण अंधारात रंग दिसत नाही पण आकार बोटाला कळतो, ही आयडिया आमच्या एका चालक हवालदारांची आणि माझ्या मते सगळ्यात कामाची तीच. लॉगबुकच्या पहिल्या पानावर आणि ड्युटी बदलताना चार्ज देताना तोंडाने बोलायचं, "गाडी डिझेल, काटा अर्धा". पंपावर चालकाने खाली उतरायचं, इंधनाचं नाव घेऊन सांगायचं, "डिझेल, वीस लिटर", आणि मशीनच्या स्क्रीनवर नाव बघूनच नोझल टाकीत जाऊ द्यायचं. आणि पावती हातात आल्यावर, वाचून झाल्यावर, मग चावी. ही शेवटची पायरी कधीच सोडायची नाही, कारण वरचं सगळं चुकलं तरी इथे गाडी वाचते.

डिझेल टाकीच्या तोंडात बसवायचं एक यंत्र मिळतं, स्प्रिंगचं, ते फक्त जाड नोझलने उघडतं आणि बारीक नोझल आत जाऊ देत नाही. चांगलं आहे, पण विकत घ्यायच्या आधी आपल्या गाड्या ज्या पंपांवर जातात तिथल्या नोझलची मापं स्वतः घ्या, पट्टी घेऊन जा, नाहीतर डिझेलच टाकता येईना झालं तर चालक ते उपटून फेकतील. कॅनमधून भरायची वेळ येते तिथे हे चालणार नाही, तिथे कॅनवरच पेंटने लिहिलेलं पाहिजे आणि पेट्रोलचा कॅन डिझेलच्या कॅनशेजारी ठेवायचाच नाही.

पंपाची चूक असेल तर तिथून हलायच्या आधी पावतीचा फोटो, मशीन नंबरचा फोटो, मॅनेजरकडून तक्रारवहीत नोंद, आणि सीसीटीव्ही जपून ठेवायला लेखी सांगा. नंतर गेलात तर कोणी मान्य करत नाही, आणि खरं सांगायचं तर आपण नाव घेऊन मागितलं होतं हे आपल्यालाही सिद्ध करता येत नाही. फोटो काढताना मशीनपासून लांब उभे राहा.

काढलेल्या मिश्रणाचं काय करायचं हा प्रश्न नेहमी येतो. जनरेटरला टाकू, जुन्या ट्रकला थोडं थोडं घालू, हे बंद करा. जनरेटर बंद दाराच्या खोलीत असतो आणि त्यात पेट्रोल मिसळलेलं डिझेल घालणं म्हणजे आगीला जागा करून देणं. ड्रमवर 'मिश्र इंधन, वापरू नये' लिहून, किती लिटर, कुठल्या गाडीतून, तारीख, असं रजिस्टरला घेऊन वेगळं ठेवायचं आणि नियमाप्रमाणे निकाली काढायचं. आमच्याकडे एकदा असा न लिहिलेला ड्रम साफसफाईत डिझेलच्या ड्रममध्ये ओतला गेला होता, त्याचं पुढे काय झालं ते लिहायला वेगळं बसावं लागेल.

गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेतीनला फोन आला, नवीनच पोरगं, आवाज थरथरत होता. "दादा, स्कॉर्पिओत पेट्रोल पडलंय, बारा लिटर, पण चावी नाही फिरवली." मी त्याला म्हटलं गाडी कडेला घे आणि चहा पी, येतो. हातपंप, फिल्टर, ड्रम घेऊन गेलो, टोचन करून आणली, सकाळी साडेनऊला गाडी परत ड्युटीवर. त्याचा जबाब घेतला गेला, पण एमटीओ (मोटर ट्रान्सपोर्ट ऑफिसर) साहेबांनी त्यात 'चालकाने तात्काळ कळवल्यामुळे वाहनाचे नुकसान टळले' असं एक वाक्य स्वतः लिहिलं. वसुली फक्त वाया गेलेल्या इंधनाची झाली. त्यानंतर दोन फोन आले, दोन्ही पंपावरूनच, दोन्ही गाड्या बंद अवस्थेत.

स्लिपचं मात्र अजून बाकी आहे. एमएस आणि एचएसडीच्या जागी 'पेट्रोल' आणि 'डिझेल' छापून द्या म्हणून अर्ज दिलाय, जुनी पुस्तकं संपल्यावर बघू असं उत्तर आलंय, तोपर्यंत मी रबरी शिक्का करून घेतलाय आणि रोज सकाळी त्या दिवसाच्या स्लिपांवर स्वतः मारतो.